दुपारचा आकडा

४ फेब्रुवारी

आत्या,

आधी बस. बसलीस? मग ऐक. मला चार्ज मिळाला. आख्ख्या डिटॉक्स विभागाचा, दोन टाक्या, सहा पंप आणि एक गळका नळ धरून.

काल साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, परवा हेल्मेट विसरले त्याची बोलणी बसणार. मी चेहरा पाडून गेले. ते म्हणाले, "बेटा, तीन महिने सांभाळून दाखव, मग बघू." मी "हो सर" म्हटलं, शहाण्यासारखी दारापर्यंत चालले आणि बाहेर पडल्यावर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. शेवटची पायरी चुकली. गुडघा चांगलाच फुटला, तरी मी हसतच होते. दवाखान्यातल्या बाईंनी डोक्याला मार लागलाय का म्हणून विचारलं.

सोन्याच्या खाणीत आहे म्हटलं की लोक माझ्या कानांकडे आणि गळ्याकडे बघतात. दीड वर्षात मी गुंजभर सोनं पाहिलेलं नाही. इथे दगड दळून त्याचा चिखल करतात. त्यात सायनाइड घालतात, ते दगडातलं सोनं पाण्यात ओढून घेतं. मग कोळसा पाण्यातलं सोनं धरून ठेवतो आणि तो कोळसा घेऊन मंडळी निघून जातात. मागे उरतो चिखल आणि त्यातलं विष. ते माझं.

चिखल तळ्यात सोडण्याआधी त्यातलं विष मोडायचं, हे माझं काम. एका पांढऱ्या भुकटीचं पाणी, तिचं नाव मेटाबायसल्फाइट, आम्ही तिला नुसतं औषध म्हणतो. चिमूटभर मोरचूद. खालून हवा. आणि चुना. चुना आहे तोवर विष पाण्यात मुकाट बसतं, कमी पडला की उठून हवेत येतं. तेव्हा कडू बदामाचा वास येतो म्हणतात. काही माणसांना तो येतच नाही आणि मी त्यांतली निघाले. घाबरू नकोस, इथे नाकावर कुणी विसंबत नाही. गळ्यात यंत्र असतं, ते वेळेआधीच बोंबलतं.

सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचला टाकीच्या नळावरून नमुना घेतात. मी तो तपासते आणि आकडा फाटकावरच्या फळ्यावर लागतो. पन्नासच्या आत हवा. तळ्यावर बदकं उतरतात, त्यांना काही फळा वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी वाचायचा.

आईला मी 'पाण्याच्या खात्यात बढती' एवढंच कळवलंय. त्यात खोटं काही नाही. पाण्यात काय असतं हे तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. तूही काढू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'बरं, बरं' करतेस. पत्रात तू आहेस तशी बोलतेस.

तुझी,
ठमी (प्रभारी)

---

९ फेब्रुवारी

ठमे,

तू बस म्हणालीस म्हणून बसले, ती थेट चष्म्यावर. त्यामुळे तुझं पत्र शेजारणीकडून वाचून घ्यावं लागलं. 'विष' शब्द आला की ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी सांगून टाकलं की आमची पोरगी रहस्यकथा लिहिते. आता तिला पुढचा भाग हवाय. काय करायचं ते तू बघ.

चार्ज मिळाला, फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की उगाचच कपाट आवरायला काढलं आणि आता सगळे कपडे पलंगावर पडलेत, झोपायचं कुठे हा प्रश्न आहे. तुझा बाप तुझ्या वयाचा असताना त्याच्या हाती सायकलचाही चार्ज कुणी दिला नव्हता.

विषाचं मला काय घाबरवतेस? तीस वर्षं मी नकाशांच्या निळ्या प्रती काढल्या. नखं कायम निळी, लग्नाघरी हात पदराखाली लपवायचे. त्या कागदाला लावायच्या औषधाच्या बाटलीवर तुझ्या सायनाइडचंच नाव असायचं. औषधवाला म्हणायचा, बाई, भिऊ नका, याला लोखंडाने घट्ट धरून ठेवलंय, चावायला सुटत नाही. मी भ्यायलेही नाही. वहिनीला मात्र मी कधी ते नाव सांगितलं नव्हतं. तेव्हा तुझं गुपित सुरक्षित आहे, माझी सवय जुनी आहे.

आता मुद्द्याचं. 'साहेब', 'साहेबांनी', 'साहेब म्हणाले'. हे साहेब वयाने किती? घरी कोण कोण? आणि जिना उतरताना त्यांनी तुला पाहिलं का?

आत्या

---

१७ फेब्रुवारी

आत्या,

साहेब सत्तावन्न वर्षांचे आहेत. त्यांना दोन नाती आहेत आणि दाढदुखी आहे. ते खाणीच्या पाळीव मांजरालाही बेटा म्हणतात. शेजारणीला सांग, या रहस्यकथेत नायक नाही.

पहिला आठवडा काय गेला म्हणून सांगू. आकडा चौदा, पंधरा, तेरा. मी फळ्यासमोरून मुद्दाम दोनदा जायची. पंपावरचा फिटर म्हणाला, मॅडम, तो तुम्हाला बघून कमी होणार नाहीये. मी म्हटलं, झाला तर?

आणि मग सोमवारी दुपारचा आकडा आला एकतीस. मंगळवारी अडतीस. काल बावन्न. गंमत बघ, सकाळी पंधरा, संध्याकाळी सोळा, मधे दुपारी बावन्न. एखाद्याला रोज जेवणाच्या वेळेलाच ताप भरावा तसं चाललंय. सगळे म्हणतात नवा दगड. सोमवारपासून खाणीच्या दुसऱ्या टोकाचा दगड दळायला आलाय, त्यात लोखंड भरपूर आहे. मी औषध वाढवलं. आकडा ढिम्म. आणखी वाढवलं, तर टाकीतला चुना कमी पडायला लागला, म्हणून चुना वाढवला. रिकाम्या पोत्यांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलाय. आज मी त्याच्याशेजारी उभी राहून हसत सुटले, थांबताच येईना. फिटरने पाणी आणून दिलं.

हसण्यासारखं खरं तर नाहीये. साहेब म्हणाले, पाच मार्चपर्यंत दुपारचा आकडा पन्नासच्या आत आला नाही तर चार्ज परत जुन्या रसायनतज्ज्ञांकडे आणि दगड दळायची गिरणी अर्ध्या वेगावर. जुने रसायनतज्ज्ञ फार सभ्य आहेत. ते मला भेटले की नुसती मान हलवतात, दुखवट्याला आल्यासारखी.

आत्या, मला हा चार्ज हवाय. मी तो नीट करू शकते हे मला माहीत आहे. आणि ती बदकं. आज मी जेवण सोडून तळ्याकडे गेले, बावीस मोजली. सगळी मजेत होती.

ठमी

---

२० फेब्रुवारी

ठमे,

तुला माझ्या पांढऱ्या मांजरीची गोष्ट सांगितली नाही वाटतं कधी.

दुकान टाकून मला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. आमचं काम कसं, तर काचेखाली निळ्या औषधाचा कागद, त्यावर नकाशा, आणि वर ऊन. ऊन लागेल तिथे कागद निळा होतो, रेघेखाली सावली म्हणून रेघ पांढरी राहते. तर एकदा माझ्या दुपारच्या प्रतींवर मधोमध पांढरा डाग यायला लागला. सकाळच्या प्रती स्वच्छ. मी कागदवाल्याला झाडलं, औषधवाल्याला झाडलं, तुझ्या आजोबांनाही झाडलं आणि ते तर दुकानात पाऊलसुद्धा टाकत नसत. शेवटी एक इंजिनियर पुलाचा नकाशा घेऊन परत आला आणि म्हणाला, बाई, या पुलाच्या मधल्या खांबाला शेपूट कशी?

मग मी एक कागद घेतला आणि त्याच्याबरोबर चालले. औषध लावलं तिथे उभी राहिले, वाळवला तिथे उभी राहिले, काचेखाली ठेवला तिथे स्टूल टाकून बसले. साडेबाराला शेजारची मांजर आली, तापलेल्या काचेवर वेटोळं घातलं आणि झोपली.

तू औषध वाढवणं बंद कर. नळापासून तुझ्या टेबलापर्यंत नमुन्याबरोबर चाल. बाटली कोण भरतं, कोण उचलतं, कुठे ठेवतं, तुझ्या हाती केव्हा येते, सगळं लिही. महत्त्वाचं काय ते तू ठरवू नकोस. तू हुशार आहेस, तू नको ते गाळशील.

शेजारीण विचारते, बदकं मरतात का. मी म्हटलं, अजून नाही.

आत्या

---

२४ फेब्रुवारी

आत्या,

चालले. परवा आणि काल. मांजर नाही. ती साहेबांच्या खोलीत असते.

तू सांगितलंस म्हणून सगळं लिहिते, कंटाळलीस तर दोष तुझा. नमुना घेतात ते झाकणराव. खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण बाटलीचं झाकण ते तीनदा तपासतात म्हणून सगळे त्यांना झाकणरावच म्हणतात. उंच आहेत, बोलतात कमी, कान मोठे. बरोबर बाराला नळ उघडतात, आधीचं पाणी सोडून देतात, बाटली त्याच पाण्याने विसळतात, भरतात. आत कॉस्टिकच्या दोन गोळ्या असतातच, म्हणजे विष उडून जात नाही, आहे तेवढं बाटलीत राहतं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. बाटल्या पूर्वी तपकिरी असायच्या, या महिन्यात त्या संपल्या आणि साध्या पांढऱ्या काचेच्या आल्यात. लाकडी ट्रेमध्ये ठेवून, ट्रे दोन्ही हातांनी धरून, ते प्रयोगशाळेकडे येतात. पाच मिनिटं लागतात.

पुढे काहीच होत नाही. मी बारा ते पाऊण जेवायला जाते. ते पायरीवर उभे राहतात. बुटांना चिखल म्हणून मावशी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मदतनीस, त्यांना आत घेत नाहीत आणि मावशींच्या हातात ते ट्रे देत नाहीत, कारण मी तशी पाटीच लावलीय. मावशींनी एकदा सकाळची आणि संध्याकाळची बाटली उलटसुलट केली होती, तेव्हापासून दारावर लाल अक्षरांत, 'नमुना फक्त रसायनतज्ज्ञांच्या हातात द्यावा.' अक्षर झकास आलंय. सकाळ-संध्याकाळ मी टेबलापाशीच असते, तेव्हा लगेच घेते. दुपारी मी पाऊणला परत येते तेव्हा ते तिथेच असतात, ट्रे तसाच हातात, कान लाल झालेले. मी म्हणते, "आणा." ते म्हणतात, "झाकण घट्ट आहे." की गेले.

पूर्वी ते केस विंचरत नसत. हल्ली चापून भांग पाडतात. तू काही गाळू नकोस म्हणालीस म्हणून लिहिलं.

आज आकडा एकोणसाठ. जुने रसायनतज्ज्ञ सकाळी माझ्या टेबलापाशी आले आणि खुर्चीची उंची बघून गेले.

ठमी

---

२६ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र मी स्वतः गाडीवाल्याच्या हातात देतेय, म्हणजे परवा तुझ्याकडे पोचेल.

ऊन.

अगं, पाऊण तास उन्हात पांढरी बाटली. तूच लिहिलंस, नव्या दगडात लोखंड भरपूर. तुझ्या टाकीत सुटं विष मोडतं, पण लोखंडाने धरलेलं तसंच पुढे येत असणार. ते चावत नाही, तुमच्या आकड्यातही धरत नसाल. पण ऊन लागलं की लोखंडाची मूठ सैल होते, हे मला कुणी शिकवायला नको. त्यावर तीस वर्षं माझं पोट चाललं. माझ्या डब्यावर लिहिलेलं असायचं, अंधारात ठेवा. त्या पायरीवर तुझा माणूस रोज पाऊण तास विष सोडवत उभा असतो. टाकी तुझी ठणठणीत आहे. उद्याच दोन बाटल्या भर, एक झाकून, एक उघड्यावर, आणि मला आकडे कळव.

आता दुसरं. तू म्हणतेस नायक नाही. भांग पाडलाय म्हणतेस.

माझ्याकडे एक नकाशे काढणारा यायचा. एकाच शाळेच्या इमारतीचा नकाशा, आठवड्याला एकदा, 'आणखी एक प्रत द्या.' आठव्या वेळी मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, की अहो, तुम्ही प्रती हरवता कुठे इतक्या, जरा जबाबदारीने वागा. तो 'माफ करा' म्हणाला आणि मग आलाच नाही. चार महिन्यांनी कळलं, दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. त्याच्या खोलीत जो नवा भाडेकरू आला तो प्रतींवरचा शिक्का बघून दुकानात आला आणि म्हणाला, भिंतीवर एका शाळेचे आठ नकाशे लावलेत, काढू का ठेवू? त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं आणि घरी येऊन रडले. अजून वाईट वाटतं. हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

पाटीमुळे माणूस पाच मिनिटं उभा राहतो. पाऊण तास नाही.

आत्या

---

१ मार्च

आत्या, आत्या, आत्या,

झाकलेली पंधरा. उघडी सत्तावन्न.

एकाच नळाच्या, एकाच मिनिटाला भरलेल्या. एक झाकणरावांच्या काळ्या पिशवीत गुंडाळून, दुसरी त्याच पायरीवर. मी तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा घाईत ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली काचेची नळी, निसटली, ती मावशींनी झेलली आणि म्हणाल्या, माझ्या हातात चालतंय वाटतं आता? मी त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, एप्रनवर चुना आहे.

टाकी ठणठणीत आहे. दुपारीसुद्धा ती पंधराच देत होती, रोज. मी तिला उगाच पोती-पोती औषध पाजत होते. बदकांना काहीच झालेलं नव्हतं आणि होणारही नव्हतं. मी तळ्यापर्यंत पळत गेले, त्यांना सांगायला. उडून गेली सगळी.

पण आता ऐक. अहवाल लिहायचाय. त्यात एक रकाना आहे, 'नमुना हाताळण्यात विलंब झाल्यास कोणामुळे'. परवाच एका पंपवाल्याला असल्याच रकान्यावरून घरी बसवलं. जुने रसायनतज्ज्ञ म्हणाले, सोपं आहे, नमुना घेणाऱ्याचं नाव लिहा, तुमचा चार्ज वाचतो. आणि ते खरं आहे. उन्हात उभे तेच होते. मात्र दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पाटी कुणाची? माझी. पांढऱ्या बाटल्या कुणी मंजूर केल्या? मी. पहिल्याच महिन्यात चुकलेल्या बाईच्या हाती टाक्या कोण ठेवेल?

सत्तावन्न आकडा आला तेव्हा झाकणराव दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे झालं का, मॅडम?" मी वहीत आकडा दुसऱ्यांदा लिहिला. त्यांनी झाकण तपासलं, रिकाम्या बाटलीचं, आणि गेले.

तुझं दुसरं म्हणणं मला पटत नाही. ते आज्ञाधारक आहेत, बस. पाटीवर 'एका पायावर उभे राहावे' लिहिलं असतं तर तसेही राहिले असते. मी मनाशी हे चार वेळा म्हणून पाहिलं. अहवाल चारला द्यायचाय. काय लिहू?

ठमी

---

३ मार्च

ठमे,

शेजारीण म्हणते, आधी दुसऱ्याचं नाव लिहून सुटावं, मग पश्चात्ताप करावा, गोष्टीत तसंच असतं. तिचं ऐकू नकोस.

पाटी तुझी, तर नाव तुझं. तुला मी ओळखते. तुझं आत्तापर्यंत ते लिहूनही झालं असेल आणि मला नुसतं कळवायचं म्हणून विचारलंस. चार्ज गेला तर इकडे ये, पलंगावरचे कपडे अजून तसेच आहेत, आवरू लागशील.

आणि तो नुसताच आज्ञाधारक निघाला, तर मी माझी निळी नखं परत रंगवून घेईन.

आत्या

---

८ मार्च

आत्या,

लिहून झालं होतं. तुझं पत्र यायच्या आधीच. तू भयंकर बाई आहेस.

चार तारखेला साहेबांच्या खोलीत सगळे जमले. मी उभी राहून वाचलं. विलंब कोणामुळे, तर माझ्यामुळे. माझी पाटी, माझ्या बाटल्या, माझी जेवणाची वेळ. मग दोन्ही आकडे वाचले. साहेब दाढ धरून बसले होते, ते म्हणाले, "म्हणजे तीन आठवडे मी त्या दगडाला शिव्या घालत होतो?" मी म्हटलं, "हो सर." मग त्यांनी झाकणरावांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, कँटीनच्या भिंतीला एवढी सावली असते. तिथे का नाही थांबलात?"

झाकणरावांनी बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिथून मॅडम येताना दिसत नाहीत."

आत्या, खोलीत चौदा माणसं होती. फिटर खोकायला लागला. मावशींनी पदर तोंडाला लावला. जुने रसायनतज्ज्ञ खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागले. माझे कान त्यांच्यापेक्षा लाल झाले असणार. मी पटकन म्हणाले, "पाटीमुळे, सर." साहेब म्हणाले, "पाटी काढा. तपकिरी बाटल्या मागवा. नमुना मावशींकडे, पाच मिनिटांत. चार्ज राहू दे तुझ्याकडे, बेटा. आता सगळे जा, मला दाढ दाखवायला जायचंय." बस, एवढंच. तीन महिन्यांचंही त्यांनी काही काढलं नाही.

संध्याकाळी मी पाटी स्वतः काढली. स्क्रू गंजले होते, बराच वेळ लागला. घरी येऊन आईला फोन केला आणि सांगून टाकलं, पाण्यात काय असतं ते. ती म्हणाली, "मला दीड वर्ष माहीत आहे. सुट्टीत आलीस की हात तीन-तीनदा धुतेस. चुना कमी पडू देत नाहीस ना?" तिने वाचनालयातून पुस्तक आणून वाचलंय. आपण दोघी कुणापासून लपवत होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारचा आकडा चौदा. मावशींनी बाटली बारा वाजून चार मिनिटांनी घेतली, तपकिरी येईपर्यंत काळ्या पिशवीत गुंडाळून, माझ्या टेबलावर सही करून ठेवली. बाटली पोचल्याचं कळल्यावर मी कँटीनमध्ये टेबलावर हात आपटला आणि पाणी सांडलं. मग पाऊणला परत निघाले. वळणावर आल्यावर पाहिलं, तर झाकणराव पायरीवर उभे.

ट्रे नव्हता. बाटली नव्हती. दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

मी विचारलं, "नमुना दिलात ना?"

"दिला. वेळेवर."

"मग आता काही काम आहे का इथे?"

"नाही."

ऊन मी म्हणत होतं. मला तुझी ती भिंत आठवली, आठ नकाशांची. माझं जेवण झालेलं होतं, पोट तुडुंब होतं, तरी मी म्हटलं, "मी जेवायलाच निघाले होते. तुम्ही जेवलात?" मी कँटीनमधूनच येत होते हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं. ते म्हणाले, "नाही. चला."

इथे जेवण्याआधी नळावर हात तीनदा धुवायचे असतात. आम्ही शेजारी-शेजारी उभं राहून पाच-पाच वेळा धुतले. मागे रांग लागली. मग मी दुसऱ्यांदा जेवले, सगळं, वाढून घेऊन. त्यांना बोलता येतं, आत्या. भरपूर बोलतात. त्यांचं नाव मी हजेरीपुस्तकात बघणार होते, त्यांनी ते स्वतःच सांगितलं. तुला भेटल्यावर सांगेन, अजून मीच ते फार वापरलेलं नाही.

शेजारणीला सगळं वाचून दाखवलंस तरी चालेल. आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण पावणेबारा झालेत आणि मला हात धुवायला जायचंय.

ठमी